सरूआक्काच्या मळ्याकडं तोंड केलेला भोंगा

"अनसे, तोंड माईकाजवळ धर. लाजू नगंस. तुझा आवाज मला हितं खाटंवर आला पायजे."

सरूआक्काचं हे बोलणं श्रावणापासून अनसाबाईच्या कानात बसलं होतं. आक्का गोठ्यात शेणावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला ऑपरेशन झालं, हाड बसलं, पण आक्का काही उभी राहिली नाही. गावापासून अर्ध्या कोसावर तिचा मळा. तिथल्या घराच्या पडवीत तिची खाट पडली, आणि आक्काचं सगळं जग त्या खाटेवरून दिसेल आणि ऐकू येईल तेवढंच उरलं.

तीस वर्षं दोघींनी भैरवनाथाच्या देवळात कार्तिकाचा काकडा बरोबर म्हटला होता. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, रोज पहाटे साडेचारला. आक्का पाटलांच्या भावकीतली, अनसाबाई धनगरवाडीतली. तिच्या सासऱ्यानं मेंढरं मोडून जमीन धरली, तेव्हा शेजारचा बांध आक्काचा होता. बांधावरची ओळख देवळात जाऊन पक्की झाली. आक्काचा आवाज खणखणीत. अनसाबाईचा असा की तिनं हाक मारली तर तिची स्वतःची म्हैससुद्धा मान वर करत नसे. आक्का पुढं म्हणायची, ही मागं. पुढं म्हणायची पाळी आपल्यावर येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"आक्का, मला न्हाई जमायचं. माझं घरातल्या घरात कुणाला ऐकू येत न्हाई."

"मग भोंगा कशाला हाय?" आक्का म्हणाली.

अनसाबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. "कार्तिक सरंस्तवर एक बी दिस चुकायचा न्हाई. रोज तुमच्या कानावर घालीन."

आता अनसाबाईनं शब्द दिला म्हणजे दिला. तिचे नेमच तसे. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. गुरुवारी एक वेळ. चातुर्मासात कांदा-वांगं बंद, आणि यंदा त्यात एका नेमाची भर: चार महिने कुणाची निंदा करायची नाही. तिचा नवरा म्हस्कू पारावर सांगायचा, "पयलं बोलत नव्हती. आता चार महिनं निंदा बी बंद. म्हंजी बाईमाणसानं बोलायचं तरी काय?"

काकडा सुरू झाला. मांडववाला म्हाळू देवळाचं मशीन सांभाळायचा. पहिल्या पहाटे अनसाबाईनं माईकाला तोंड लावलं आणि म्हाळूनं कपाळावर हात मारला. "मामी, म्हणताय का नुसतं व्हट हलवताय?" त्यानं आवाजाचं बटन फिरवलं. अजून फिरवलं. शेवटी फिरवायला जागाच राहिली नाही. मग शिखरावर चढून भोंग्याचं तोंड त्यानं बरोबर आक्काच्या मळ्याकडं वळवलं. आता मशीनला काय कळतंय? अनसाबाईचा आवाज जेवढा मोठा झाला, तेवढेच टाळही झाले, मृदंगही झाला आणि मागं बसलेल्या बायांच्या जांभयासुद्धा. गावातल्या सगळ्यात हळू बोलणाऱ्या बाईपायी त्या वर्षीचा काकडा गावाच्या आठवणीतला सगळ्यात मोठा काकडा झाला. पार पलीकडं राहू गावच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टरवाले म्हणायला लागले, यंदा तुमच्या भैरवनाथाला कमी ऐकू येतंय का काय?

मळ्यातून निरोप आला, "पोचला." आक्काची सून प्रतिभा दूध घालायला गावात येई, ती रोज सांगे, "आत्याबाई पडल्या पडल्या मागं म्हणतात. चिपळ्या नाहीत म्हणून दोन वाट्या घेतल्यात." अनसाबाईला तेवढं पुरे होतं.

पण देऊळ आणि मळा यांच्या मधोमध, सरळ भोंग्याच्या तोंडाशी, चार खोल्या होत्या. त्या आक्काच्याच मुलाच्या, शंकररावांच्या. सणसवाडीला कंपन्या आल्या तशी माणसं आली आणि माणसं आली तशा गावोगाव खोल्या उठल्या. शंकररावांनीही बांधल्या आणि त्यांच्याशेजारीच गावातलं आपलं घर केलं. आई मळ्यात सुनेजवळ, शंकरराव बहुतेक गावात. कोजागिरी झाल्यावर वीस दिवसांत दोन खोल्यांतले भाडेकरू सामान आवरून गेले. तिसऱ्या खोलीला कुलूपच होतं. चौथीत बाळासो राहिला. तो कोल्हापूरकडचा, सणसवाडीत पत्रे दाबायच्या प्रेसशॉपला, दुसऱ्या पाळीत. कंपनीची गाडी त्याला रात्री एकला सोडायची. बायको मोनाली आणि चार महिन्यांचं पोर.

पहाटे देवळाकडं जाताना अनसाबाईला ती मोनाली दिसायची. खोलीपुढच्या ओट्यावर पोराला खांद्यावर टाकून इकडून तिकडं, तिकडून इकडं. पोर सगळी रात्र रडून कसंबसं तीनला निजायचं आणि चारलाच म्हाळूचं मशीन "हॅलो, हॅलो, चेक" म्हणायचं. मोनाली काही बोलायची नाही. अनसाबाईला बघून पदर सावरायची आणि हसायची. ते हसणं अनसाबाईच्या पायात काट्यासारखं मोडलं. ती देवळात जाऊन माईकापुढं बसायची, डोळे मिटायची, आणि मिटल्या डोळ्यांपुढं तो ओटा यायचा. इकडून तिकडं, तिकडून इकडं.

दिवाळी झाली आणि शंकररावांनी पंचायतीत अर्ज दिला. सोबत सरकारी नियमाची झेरॉक्स. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावायचा नाही, म्हणजे नाही. कुणाच्याही देवाला सूट नाही.

गाव दोन दिवस नुसतं घुमत राहिलं. नियम चांगला आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं, फक्त तो शेजाऱ्याला लावावा असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. गिरणीवाला पप्पू म्हणाला, काकडा बंद करा. काकड्याच्या बाया म्हणाल्या, मग आधी तुझी गिरणी बंद कर. गिरणी दिवसा चालते म्हटल्यावर, तुझ्या भाच्याच्या वरातीचा बँड कुठं दिवसा वाजत होता, असं निघालं. शेवटी सरपंच आनंदरावांनी शनिवारी दुपारी चारला देवळातच बैठक लावली.

त्या काळी लोडशेडिंग असं होतं की माणसं घड्याळ बघून नाही, लाईट बघून उठायची-बसायची. त्या आठवड्यात पहाटे सव्वापाचला लाईट जायची ती दुपारी साडेचारला यायची. त्यामुळं काकडा अर्ध्यावर आला की भोंगा आपसूक गप्प व्हायचा आणि उरलेला काकडा कोऱ्या आवाजात व्हायचा. म्हाळूनं मशीनचं बटन बंद करायचं सोडूनच दिलं होतं. लाईट घालवायला वीज मंडळाची माणसं आहेत, आपण कशाला हात लावायचा? दुपारी लाईट यायच्या आत देवळात येऊन तो वायर काढायचा आणि मशीन झाकून ठेवायचा. पण शनिवारी त्याला वरवंडला कुणाच्या दुकानाच्या उद्घाटनाचा मांडव होता. तो सकाळीच टेम्पो घेऊन गेला. माईक सभामंडपात होता तिथंच उभा, मानेला लाल फडकं बांधलेला.

बैठक त्या माईकाभोवतीच बसली. बसायला जाजम तिथंच होतं.

सुरुवातीला पन्नासेक माणसं होती आणि सगळी शहाण्यासारखी बोलत होती. आनंदराव उभे राहून म्हणाले, "धर्म बी ऱ्हायला पायजे आन् कायदा बी ऱ्हायला पायजे." लोकांनी माना डोलावल्या. मग भोंग्याचं तोंड वळवायचं निघालं. पूर्वेला वळवावा, तर तिकडं पोल्ट्री. मालक म्हणाला, कोंबड्या दचकल्या तर अंडी कोण घालणार, तुम्ही? दक्षिणेला शाळेचे मास्तर राहायचे. पश्चिमेला वळवावा म्हटल्यावर आनंदरावांचा चेहरा पडला, कारण पश्चिमेला त्यांचाच बंगला.

"वर करू," म्हस्कू मागून म्हणाला. "आभाळाकडं. ज्याचा हाय त्याला ऐकू जाईल."

हशा झाला आणि बैठकीचा विचका व्हायला लागला. तेव्हा आनंदरावांनी हात जोडून सगळ्यांना वाटेला लावलं. "पाच-सात जणं थांबा. आपल्याआपल्यात बोलू. मोकळंपणी." थांबले ते शंकरराव, म्हस्कू, बाळासो, अनसाबाई आणि काकड्याच्या आणखी दोघी. बाळासो खांबाआड उभा होता. शंकररावांनी त्याला पाळी बुडवायला लावून पुरावा म्हणून आणलं होतं.

साडेचार वाजले. लाईट आली. पप्पूची गिरणी खडखडायला लागली, वस्तीवर मोटारी सुरू झाल्या, कुणाच्या तरी घरात टीव्हीवर बाई ओरडायला लागली. शिखरावर एकदा बारीकसं घूंऽऽ झालं. कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

आनंदराव पाय पसरून बसले. "आता खरं बोलतो. मी कापूस घालून झोपतो. भक्ती हाय, पर साडेचारला न्हाई." त्यांचा आवाज आज देवळात असा घुमत होता की त्यांनाच बरं वाटलं. त्यांनी आणखी जरा छाती काढली. "जुनं दगडी काम बघा. काय घुमतंय! असं करू, काकडाच सहाला ठेवू. देव तास-दीड तास उशिरा उठला तर काय बिघडतंय?"

"आबा, सहाला तुमच्या गोठ्यातल्या म्हशींच्या धारा व्हत्यात," काकड्यातली एकजण म्हणाली. "देवाला म्हशीच्या मागनं उठवायचं व्हय?"

"बरं, ऱ्हायलं." आनंदराव शंकररावांकडं वळले. "तुझं काय म्हणणं? तुझी आईच तर तिकडनं ऐकती म्हणत्यात. भोंगा तिच्यासाठनंच फिरवलाय."

"आईचं नाव पुढं करून हे भोंगा वाजवत्यात," शंकरराव म्हणाले. "तिला काय ऐकू येतंय, आबा? ठार बहिरी झालीय. मी मळ्यात जातो, दोन-दोन डाव बोलतो, उत्तर न्हाई. नुसती आढ्याकडं बघती. तिला काकडा काय आन् गिरणी काय, सारखंच."

खोटं बोलतुयास, असं अनसाबाईच्या ओठावर आलं होतं, पण चातुर्मासातला निंदेचा नेम आडवा आला. तिनं ते गिळलं.

शंकररावांच्या खिशात मोबाईल वाजला. त्यांनी तो दाबून बंद केला.

"बाळासो, तू बोल," आनंदराव म्हणाले. "भिऊ नको. तरास हाय का न्हाई?"

बाळासो खांबाआडून अर्धा बाहेर आला. "काय सांगू बगा. माझ्या गावाकडं काकड्याला पखवाज मीच वाजवत हुतो. बारा वर्सं. आमच्या देवळाला लागून एक म्हातारा रहायचा, दम्याचा. त्यो पहाटंचं कसा झोपत असंल, हे कधी मनातच आलं न्हाई. आता कुठल्या तोंडानं तक्रार करू? पोरगं रडतंय खरं. मला कामावर झोप येती. परवा मशीनवर हात थोडक्यात वाचला. पर काकडा बंद करा असं माझ्या तोंडनं न्हाई निघायचं."

मोबाईल पुन्हा वाजला, पुन्हा दाबला गेला.

मग अनसाबाई बोलली. ती माईकाला अगदी लागून बसली होती, कारण तिची रोजची जागा तीच. मान खाली घालून, आपल्याशीच बोलावं तसं बोलली.

"भोंगा देवासाठी न्हाई, आबा. देवाला माझं मनातलं बी ऐकू जातं. भोंगा सरूआक्कासाठी हाय. मी तिच्या हातावर हात ठेवून सांगितलंय, कार्तिकभर रोज कानावर घालीन. म्हणून म्हाळूला म्या कधी म्हणलं न्हाई, आवाज कमी कर. म्हणायला पायजे व्हतं. रोज त्या लेकीला वट्यावर फिरताना बघती आन् देवळात येऊन डोळं मिटती. देवाला उठवताना एक लेकरू रडवायचं, ही कसली भक्ती? पर आक्काला काय सांगू, त्ये मला सुचंना."

एवढं लांब ती आयुष्यात बोलली नव्हती. म्हस्कू तिच्याकडं बघतच राहिला.

मोबाईल तिसऱ्यांदा वाजला. शंकररावांनी वैतागून कानाला लावला. "काय गं प्रतिभा? मिटिंगीत हाय मी."

"ठाऊक आहे," पलीकडून प्रतिभा म्हणाली. ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की शेजारी बसलेल्यांनाही ऐकू गेलं. "आत्याबाई ऐकतायत."

"काय ऐकत्यात?"

"तुम्हाला. भोंग्यावर."

शंकररावांनी मोबाईल कानापासून लांब धरला. सगळ्यांनी एकदम माईकाकडं बघितलं. मग कोपऱ्यातल्या मशीनकडं. त्याच्या कपाळावरचा लाल दिवा शांतपणे जळत होता. आणि तेव्हाच दारात पप्पू उभा राहिला, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला.

"मिटिंग चालू द्या," तो म्हणाला. "पर आवाज तेवढा कमी करा. बाया दळण टाकून ऐकत बसल्यात. समदं गाव बंद पडलंय. आबा, तुमचा कापूस कुठल्या दुकानातला, इचारत्यात."

आनंदराव उठले. गावचे सरपंच, पण उडी म्हाळूसारखी मारली आणि वायर भिंतीतून उपटून काढली. देवळात घुमणारा आवाज एकदम बारीक झाला, तेव्हा त्यांना कळलं की दगडी कामाची तारीफ आपण उगीच केली.

शंकररावांच्या हातातला मोबाईल अजून चालूच होता. त्यांनी तो भीत भीत कानाला लावला. "आई काय म्हणती?"

"म्हणतात, शंकऱ्याला सांग, मला समदं ऐकू येतं. तू आल्यावर खोल्यांशिवाय दुसरं बोलत न्हाईस, म्हणून मी आढं बघती." प्रतिभा जरा थांबली. मागं आक्काचा आवाज आला, खणखणीत, पण शब्द कळले नाहीत. "आणि अनसामामींना म्हणतात, भोंगा बंद कर. त्या लेकराला झोपू दे. माझं मी बघते. दिलेल्या शब्दातनं तुला सोडलं म्हणून सांग."

शंकररावांनी तो निरोप सगळ्यांपुढं जसाच्या तसा सांगितला. सांगताना त्यांची मान खाली होती. मग चपला पायात सरकवून ते मळ्याच्या वाटेला लागले. अर्ज आणि झेरॉक्स जाजमावरच राहिली.

ठराव लिहायला फारसा वेळ लागला नाही. काकडा साडेचारलाच, पण सहापर्यंत भोंग्याविना. संध्याकाळचा हरिपाठ भोंग्यावर, बेतानं. वरातीचं आणि त्रिपुरी पौर्णिमेचं पुढच्या बैठकीत. ती बैठक कुठं घ्यायची यावर मात्र बराच वेळ गेला, आणि देवळात नको एवढं ठरलं.

घरी जाताना म्हस्कू म्हणाला, "पस्तीस वर्सं झाली लग्नाला. तुझ्या मनात काय असतं, त्ये आज भोंग्यावर कळलं."

अनसाबाई हसली नाही. "आक्कानं सोडलं मला," ती म्हणाली.

"मग बरंच झालं की."

"व्हय."

त्या रात्री ती जेवून निजली खरी, पण तिच्या मनात एक हिशेब लागेना. आक्कानं शब्दातून सोडलं, हे आक्काचं मोठेपण. पण हात आपण ठेवला होता. दुसऱ्यानं सोडलं म्हणून आपला नेम सुटतो का? आजवर एकादशीला कुणी म्हटलं, जेव गं, काही होत नाही, म्हणून ती जेवली नव्हती. आणि भोंगा कबूल केला नव्हता तिनं. कानावर घालीन एवढंच म्हटलं होतं.

पहाटे तीनलाच ती उठली. अंघोळ करून तुळशीला पाणी घातलं. चुलीपुढं बसलेल्या काकड्यातल्या शेजारणीला खिडकीतून हळूच सांगितलं, "तुम्ही सुरू करा. मी शेवटच्या आरतीला येती."

"आन् पुढं कोण म्हणणार?"

"तूच म्हण. भोंगा न्हाई, कुणाला कळतंय?"

टाळ तिनं पदरात घट्ट गुंडाळून घेतले, एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये फडकं घातलं. दुसऱ्या हातात बॅटरी. म्हस्कू अंथरुणात कुशीवर वळला आणि झोपेतच म्हणाला, "जुनी बॅटरी हाय ती. नवी घे." तिनं नवी घेतली.

शंकररावांच्या खोल्यांपुढून वाट जात होती. ओटा मोकळा होता. बाळासोच्या दाराआड पोर एकदा कुरकुरलं. अनसाबाई जागच्या जागी उभी राहिली, बॅटरी विझवून, टाळ छातीशी धरून. मोनालीचं पुटपुटणं ऐकू आलं, मग तेही थांबलं. आणखी थोडा वेळ ती तशीच उभी राहिली.

मग तिनं चपला काढून हातात घेतल्या आणि मळ्याची वाट धरली.